चिऊने दार का उघडलं नाही? नाशिकच्या केंद्रप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातले सर्व केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका

विषय : रोजच्या वेळापत्रकात गोष्टीला २० मिनिटं देण्याबाबत आणि त्या २० मिनिटांत तात्पर्य न सांगण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत वाचनाचा विषय निघतोच. लहान वर्गांतलं वाचन आणि गणित पक्कं करण्यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत हे त्यातलं एक लक्ष्य, आणि मुदत २०२६-२७ची. त्यामुळे सगळ्यांची नजर घड्याळावर आणि शब्दांच्या मोजणीवर असणं साहजिक आहे. वाचता आलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण मिनिटाला ६० शब्द वाचणारं मूल वाचून झाल्यावर एकही प्रश्न विचारत नसेल, 'बाई, मला हे पटलं नाही' म्हणायला धजत नसेल, तर आपलं काम अर्धंच झालंय.

गोष्टींनी मुलं धीट होतात, चौकस होतात, असं आपण सगळेच म्हणतो. ती नुसती ऐकून होत नाहीत. गोष्ट मध्ये थांबते, मोठं माणूस गप्प बसतं आणि त्या रिकाम्या जागेत मूल काहीतरी बोलतं, तिथे हे घडतं. आपल्याकडे नेमकी तीच जागा तात्पर्याने बुजवली जाते. गोष्ट संपते न संपते तोच 'मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?' असा प्रश्न येतो, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि ते पहिल्या रांगेतल्या दोघांना पाठ असतं. म्हणून हे पत्र.

अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खेळणं दिलं, त्यात चार करामती लपवलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने 'हे बघ, हे असं चालतं' म्हणून त्यातली एक करामत शिकवून दाखवली. दुसऱ्या मुलांसमोर तीच करामत चुकून झाल्यासारखी घडवली. शिकवलेली मुलं त्या एकाच करामतीत रमली आणि लवकर थांबली. न शिकवलेल्यांनी खेळणं उलटंसुलटं करून बाकीच्या करामती शोधल्या. तात्पर्य सांगणं म्हणजे 'हे असं चालतं' म्हणणंच. मुलाला वाटतं, सांगणाऱ्याने सांगितलं म्हणजे यात एवढंच असणार.

आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट घेऊ. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. काऊ दाराशी आला, 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' चिऊ म्हणते, 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.' मग पावडर, मग काजळ, मग तीट. वर्गात ही गोष्ट 'चिऊ शहाणी, काऊ आळशी, म्हणून घर पक्कं बांधावं' इथे संपवतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवर ती जशीच्या तशी सांगून बघा. समोर बसलेल्यांतल्या कितीतरी मुलांच्या घराच्या भिंती कुडाच्या असतात. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप. म्हणजे आपण त्यांना सांगतो की तुझ्या घरासारखं घर वाहून जातं आणि असं घर बांधणारा आळशी असतो. मूल काही बोलत नाही, कारण गोष्ट बाई सांगतायत. पण शाळेत मला माहीत असलेल्याला किंमत नाही, हा धडा ते घेऊन घरी जातं.

हीच गोष्ट वाहून गेलेल्या घरापाशी थांबवा आणि विचारा, 'शेणाचं घर खरंच वाहून जातं का?' एवढंच. मग गप्प बसा. ज्याच्या घरी दर वर्षी भिंत लिंपतात ते मूल बोलायला लागतं. नुसत्या शेणाचं घर नसतं, आत काठ्या असतात. माती कुठली घ्यायची, पावसाच्या बाजूला गवताचा आडोसा कसा लावायचा, छप्पर भिंतीच्या बाहेर का काढतात, हे त्याला माहीत असतं. वर्गात त्या क्षणी सगळ्यात जाणतं माणूस तेच असतं. धिटाई म्हणतो ती हीच, आणि तिला स्टेज किंवा माइक लागत नाही.

तिथून पुढे करून बघण्याची वाट आपोआप निघते. काडेपेटीएवढ्या तीन वड्या करा. एक नुसत्या मातीची, एक दोन वाटे माती आणि एक वाटा शेणाची, एक मेणबत्तीच्या मेणाची. मातीच्या दोन्ही वड्या कडकडीत उन्हात तीन-चार दिवस वाळू द्या. इथेच बहुतेकांची गडबड होते. वडी आतून ओली राहिली तर दोन्ही सारख्याच विरघळतात आणि मुलं 'शेणाने काही फरक पडत नाही' असं ठरवून मोकळी होतात. म्हणून हा प्रयोग जुलैत नको, दिवाळीनंतर करा. वाळल्यावर एका वितीवरून प्रत्येक वडीवर तांब्याने हळूहळू सारखंच पाणी सोडा. आधी प्रत्येक मुलाला अंदाज सांगू द्या आणि तो फळ्यावर लिहा, नाहीतर नंतर सगळेच म्हणतात 'मला माहीतच होतं'. शेणातला गवताचा चोथा मातीला बांधून ठेवतो, त्यामुळे ती वडी जास्त तग धरते. निफाड-येवल्याकडची काळी माती वाळली की भेगाळते, इगतपुरी-त्र्यंबककडची तांबडी माती वेगळी वागते, म्हणून दोन शाळांनी आपापले निष्कर्ष एकमेकांना कळवले तर आणखी मजा. मेणाची वडी पाण्याला दाद देत नाही. ती दुपारी तापलेल्या पत्र्यावर ठेवा. ती मऊ पडते, बोटाचे ठसे उमटतात. मग कोणीतरी म्हणतंच, 'उन्हाळ्यात चिऊचं घर वितळेल की!' हे वाक्य मुलाच्या तोंडून यायला हवं. दोन दिवस आलं नाही तरी चालेल, आपण ते बोलून टाकू नका. शेण हाताळल्यावर साबणाने हात धुणं आलंच.

आणि दुसरा प्रश्न, जो पत्राच्या माथ्यावर आहे. बाहेर काऊ भिजत होता, तरी चिऊने दार का उघडलं नाही? याला बरोबर उत्तर नाही. ती घाबरली असेल, कावळा पिल्लं खातो. तिला खरंच काम असेल. ती वाईट वागली असेल. पहिलीच्या वर्गात यावर दोन तट पडतात आणि प्रत्येकाकडे कारण असतं. 'मला असं वाटतं, कारण...' हे वाक्य मुलाने पूर्ण करणं, यासाठीच तर गोष्ट सांगायची.

आता २० मिनिटांचा हिशोब. अंगणवाडीतल्या ३-४ वर्षांच्या मुलांना गोष्ट ५-६ मिनिटांची पुरे. तिच्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ हवी, म्हणजे तिसऱ्यांदा ती ओळ मुलंच म्हणतात. मोठ्या गटाला आणि पहिलीला ८ ते १० मिनिटं, तिसरी-चौथीला १५ मिनिटांपर्यंत, आणि त्यांना क्रमशः गोष्टही चालते, किंबहुना फार आवडते. उरलेला वेळ बोलण्याचा. गोष्ट सांगणाऱ्याने बोलण्याचा वेळ खाल्ला तर तास फुकट गेला असं समजा. वेळ कुठली? परिपाठानंतर लगेच ठेवली तर लांबच्या वस्तीवरून चालत येणारी मुलं हुकतात, आणि तीच मुलं आपल्याला हवी असतात. पोषण आहारानंतर ठेवली तर ताटं धुण्याची गडबड आणि डोळ्यांवर झापड. दुसरा तास सगळ्यात बरा. रोज तीच वेळ ठेवा. 'वेळ उरला तर गोष्ट' असं ठरवलेल्या वर्गात वेळ कधीच उरत नाही.

बसण्याची जागा किरकोळ वाटते, पण निम्म्या गोष्टी तिथेच फसतात. शिक्षक खिडकीकडे पाठ करून बसले की मुलांना उजेड डोळ्यांवर येतो आणि चित्र काळं दिसतं. खिडकी मुलांच्या पाठीशी हवी. सतरंजीवर अर्धगोल, शिक्षक पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर, पुस्तक चेहऱ्यासमोर न धरता खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे. नेहमीच्या आकाराचं चित्रपुस्तक आठेक फुटांपलीकडे दिसत नाही. म्हणून २५ मुलांपर्यंत ठीक. पट चाळीसचा असेल तर दोन गट करा. एक गट गोष्ट ऐकतो, दुसरा चित्र काढतो, मग अदलाबदल. मोबाइलच्या पडद्यावर चित्र दाखवून ४० मुलांना गोष्ट सांगता येत नाही, तो हट्ट सोडा.

इगतपुरी-त्र्यंबककडच्या पत्र्याच्या वर्गात जुलै-ऑगस्टमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशा दिवशी घसा फोडून गोष्ट सांगणाऱ्या बाईंचा आवाज दोन दिवसांत बसतो आणि मुलंही वैतागतात. त्या दिवशी जोड्या लावा, दोघांत एक पुस्तक, खांद्याला खांदा लावून. किंवा फळ्यावर एकही शब्द न बोलता खडूने गोष्ट काढत जा आणि मुलांना ओळखू द्या. पावसाच्या दिवसांसाठी अशा पाच-सहा बिनआवाजाच्या गोष्टी जूनमध्येच तयार ठेवलेल्या बऱ्या.

तयारी फार नाही, पण ती टाळता येत नाही. गोष्ट आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचा. थांबायच्या जागा पेन्सिलने खुणा करून ठेवा, दोन किंवा फार तर तीन. प्रत्येक पानावर 'आता काय होईल?' विचारलं की गोष्टीचा धागा तुटतो आणि मुलं चुळबुळ करतात. तेव्हा दोष मुलांना देऊ नका.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हे सगळ्यात अवघड. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. तीन सेकंद म्हणजे पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलापर्यंत सावकाश नजर फिरवायला लागतो तेवढा वेळ. उत्तर आल्यावरही तेवढंच थांबा, मूल बऱ्याचदा पुढे आणखी काही बोलतं. आणि पहिल्याच उत्तराला 'शाब्बास, बरोबर' म्हणू नका. ते ऐकलं की उरलेल्या वर्गाचा विचार तिथेच थांबतो. 'हं, असंही असेल. अजून कोणाला काय वाटतं?' एवढं पुरतं.

कौतुकाचं थोडं वेगळं सांगायला हवं. 'किती हुशार आहेस' हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण त्याचा परिणाम उलटा होतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवल्यावर काहींना हुशारीबद्दल शाबासकी दिली, काहींना मेहनतीबद्दल. पुढची कोडी निवडायला सांगितल्यावर हुशार म्हटलेल्यांपैकी बहुतेकांनी सोपी कोडी घेतली, कारण हुशारीचा शिक्का पुसला जाईल ही भीती. म्हणून मुलाने काय केलं ते नेमकं सांगा. 'तू भिंतीतल्या काठ्यांचं सांगितलंस, ते आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.'

आता कथाकथन स्पर्धा. हे काहींना लागेल, पण लिहायला हवं. केंद्रातून एक, तालुक्यातून एक, असं निवडत नेताना एका मुलाला हातवाऱ्यांसकट गोष्ट घोटून घेतली जाते आणि बाकीची तीस मुलं महिनाभर ती ऐकतात. निवडलेलं मूलही गोष्ट सांगत नाही, पाठांतर म्हणतं. मध्येच अडखळलं की सगळं कोसळतं आणि व्यासपीठाची भीती कायमची बसते. स्पर्धा पूर्ण बंद करा असं आम्ही म्हणत नाही. निदान पहिली-दुसरीला तिच्यापासून लांब ठेवा. धिटाईची पायरी खालून सुरू होते. आधी सगळ्यांबरोबर गोष्टीतली पुन्हा पुन्हा येणारी ओळ म्हणणं, मग शेजारच्याला सांगणं, मग चौघांच्या गटात, मग वर्गासमोर. एका पायरीवर काही मुलं आठवडा घेतात, काही अख्खं सत्र घेतात. फारच लाजरं मूल असेल तर त्याच्याकडे पान उलटण्याचं काम द्या, सगळ्यांचे डोळे पानावर असतात, त्याच्यावर नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करून देऊ नका, त्याला लागेल तेवढा वेळ लागू द्या. स्पर्धेऐवजी साखळी करून बघा. पाच जणांचा गट, हातात एक रुमाल. रुमाल ज्याच्याकडे त्याने एक वाक्य जोडायचं आणि रुमाल पुढे द्यायचा. 'माझं नाही' म्हणून रुमाल पुढे देण्याची मुभा हवीच. एरवी हा खेळही परीक्षेसारखा होतो.

मुलाची स्वतःची गोष्ट लिहून घेणं हा आमच्या मते सगळ्यात कसदार उपाय आहे आणि त्याला खर्च कागद-पेन्सिलीचा. मूल चित्र काढतं आणि काय चाललंय ते सांगतं. शिक्षक खाली ते लिहितात, मूल जसं बोलतं तसंच. मूल अहिराणीत 'बैल पळी गया' (बैल पळून गेला) म्हणालं तर 'बैल पळी गया' असंच लिहा. दुरुस्त केलं की ते वाक्य मुलाचं राहत नाही आणि त्याला ते वाचताही येत नाही. स्वतःचं वाक्य मात्र अक्षरं नीट न येणारं मूलही बोट ठेवून वाचतं, कारण त्यात काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. प्रमाण मराठीतलं वाक्य शेजारी दुसऱ्या दिवशी येऊ द्या.

भाषेचा हा मुद्दा आपल्या जिल्ह्यात टाळता येणार नाही. बागलाण, मालेगाव, देवळ्याकडे अहिराणी, सुरगाणा, पेठ, कळवणकडे कोकणा, तशीच वारली. मुलगी आजीकडून गोष्ट ऐकते एका भाषेत आणि शाळेत तिला दुसऱ्याच भाषेत धीट व्हायला सांगतात. गोष्ट पहिल्या दिवशी घरच्या भाषेत होऊ द्या. अंगणवाडीच्या मदतनीस ताई, मुलांच्या आया, आज्या ती सांगू शकतात. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत. गोष्ट ओळखीची असल्यामुळे नवे शब्द आपोआप उलगडतात. एका गोष्टीला पाच-सहाच नवे शब्द, दोन्ही भाषांत फळ्यावर शेजारी शेजारी. अहिराणीत आंडोर, मराठीत मुलगा. मुलं हळूच शिक्षकांना अहिराणी शिकवायला लागतात, आणि शिक्षक चुकले की त्यांना मनापासून आनंद होतो.

या भागात गोष्टींचा तोटा कधीच नव्हता. कोकणा लोकांतलं थाळगान बघा. काशाच्या थाळीवर मेणाने उभी काडी चिकटवायची, तिच्यावरून बोटं ओढत घुमणारा सूर धरायचा आणि त्या सुरावर रात्र-रात्र कथा सांगायची. बोहाडा या गावच्या उत्सवात मुखवटे घालून पात्रंच गावात येतात. हे कथेकरी शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात. आनंददायी शनिवारी त्यांना मानाने बोलवा, सतरंजीवर मुलांमध्ये बसवा, हार-तुरे आणि भाषणं वगळा. थाळीतून आवाज कसा येतो, काडी मेणानेच का चिकटवायची, हे मुलं विचारतीलच.

प्रश्नांसाठी भिंतीवर एक तक्ता लावा. टिझर्ड आणि ह्यूज या ब्रिटिश संशोधकांनी १९८४ साली चार वर्षांच्या मुलींचं बोलणं घरी आणि बालवाडीत ध्वनिमुद्रित करून मांडलं. त्या घरी आईला तासाला २५च्या आसपास प्रश्न विचारत, बालवाडीत जेमतेम दोन. मुली त्याच होत्या. तेव्हा तक्त्यावर मुलाने विचारलेला प्रश्न त्याच्या शब्दांत, खाली त्याचं नाव. आठवड्याला एक प्रश्न निवडायचा आणि 'मलाही नक्की सांगता येणार नाही, शोधू या' असं शिक्षकांनी खुल्या मनाने म्हणायचं. हे वाक्य ऐकलेलं मूल न येण्याला घाबरत नाही. उत्तर कुठे शोधायचं ते गावावर अवलंबून. भिंतीचं गवंड्याकडे, द्राक्षाचं छाटणी करणाऱ्याकडे, पक्ष्यांचं निफाडच्या मुलांना हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला. तक्ता भरला की काढून फेकू नका, वहीत उतरवून ठेवा. 'भोपळ्यात म्हातारी मावेल का?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक शाळेत येतो. त्यातून 'भोपळा पाण्यात बुडेल का?' निघालं तर तीन-चार किलोचं डांगर आणा, शेजारी मुठीएवढा दगड ठेवा आणि अंदाज घ्या. डांगर तरंगतं, कारण आत पोकळी असते. मात्र बादलीत करू नका. अरुंद बादलीत डांगर कडांना अडकतं आणि तरंगल्यासारखं दिसतं. घमेल्यात तळाला टेकतं. त्याच्या उंचीपेक्षा जास्त पाणी राहील असा पसरट टब हवा.

गोष्ट निवडताना दोन शब्द सांभाळून. काळी म्हणजे वाईट, लंगडा म्हणजे कपटी, सावत्र आई म्हणजे छळणारी, असं सांगणाऱ्या गोष्टी वर्गात नकोत. सावत्र आईच्या मायेत वाढणारी मुलं आपल्यासमोर बसलेली असतात. आणि 'गप्प बस नाहीतर बुवा येईल' ही काही गोष्ट नव्हे.

शेवटी कुलपाबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुस्तकं बहुतेक शाळांत आहेतही. ती कपाटात असतात, कारण पुस्तक फाटलं-हरवलं तर भरपाई आपल्याकडून होईल ही शिक्षकांची धास्ती. ही धास्ती फक्त वरून जाऊ शकते. वर्षाला शंभरात दहा पुस्तकं फाटणार, हरवणार, हे गृहीत धरून त्यांचं निर्लेखन (नोंदीतून कमी करणं) विनाविलंब करून द्या आणि तसं लेखी कळवा. हाताळून फाटलेलं पुस्तक हा चांगल्या शाळेचा पुरावा आहे.

कपाटातून बाहेर आलेली पुस्तकं दोरीवर टांगा. मुलाच्या छातीच्या उंचीवर, अडीच ते तीन फुटांवर, नायलॉनची दोरी, दर पाच फुटांवर खिळा, नाहीतर दोरी मध्ये झोळीसारखी लोंबते आणि पुस्तकं घसरून एका जागी गोळा होतात. पुस्तकं मधोमध उघडून, मुखपृष्ठ बाहेर. तीस-चाळीस पुरेत, पंधरा दिवसांनी बदला. पावसाळ्यात भिंतीला ओल येते तिथून दोरी काढून आतल्या कोरड्या भिंतीवर न्या. पुस्तकांच्या पिना गंजून पानं सुटतात, जूनच्या आधीच त्या काढून जाड दोऱ्याने शिवून घ्या. चौथीची मुलं हे काम सहज करतात. घरी नेण्याची नोंदवहीही त्यांच्याकडेच, नाव आणि तारीख एवढेच रकाने. पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा मोफत आहेत, त्या छापून वापरायला परवानगी आहे. लहानांसाठी निवडताना पानावर एक-दोन ओळी, टपोरं अक्षर आणि अर्ध्याहून जास्त चित्र, एवढं बघा.

आणि एक कळकळीची विनंती. यातल्या कशाचाही नवा तक्ता, नवी लिंक, फोटो अपलोड करण्याचा आदेश काढू नका. फोटोसाठी गोष्ट थांबली की मुलं कॅमेऱ्याकडे बघायला लागतात. शाळाभेटीला गेल्यावर 'किती गोष्टी झाल्या?' विचारण्याऐवजी २० मिनिटं सतरंजीवर मुलांमध्ये बसा आणि कोण बोललं, कोणी प्रश्न विचारला, कोण अजून गप्प आहे एवढंच पाहा. वर्गशिक्षकांनी आठवड्यातून एकदा वहीत या तीनच गोष्टी टिपल्या तरी पुरे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांच्यापुढे ती वही वाचून दाखवा. आपलं मूल काय म्हणालं हे ऐकायला पालक गुणपत्रकापेक्षा उत्सुक असतात.

येत्या शिक्षण परिषदेत यासाठी ४० मिनिटं ठेवावीत, ही मागणी. व्याख्यान नको. एका शिक्षकाने चिऊ-काऊची गोष्ट वाहून गेलेल्या घरापर्यंत सांगावी आणि थांबावं. बाकीच्यांनी मुलांच्या जागी बसून बोलावं. एकाने घड्याळ घेऊन प्रश्नानंतर किती सेकंद शांतता होती ते मोजावं. मातीच्या दोन्ही वड्या आठवडाभर आधी वाळत घालायला विसरू नका.

आपले,
मुलांच्या गोष्टींचं आणि वाचनाचं काम करणारे काही जण
नाशिक